आबांच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून आमच्या कॉलेजातले लोक हसतील, कारण मी एखादी गोष्ट कुणाला सांगितली नाही, असं कधी घडलेलंच नाही. चहा पिताना सांगतो. परीक्षेच्या वर्गावर पहारा करताना सांगतो. मयतीला गेलो तरी जरा लांब उभा राहून हळू आवाजात सांगतो आणि लोक तोंडावर रुमाल धरून हसतात. सांगणं हाच माझा धंदा म्हणा ना. नळदुर्गला बिऱ्हाड, जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात इंग्रजीचा मास्तर, आणि कुठं वाचनालयाचा कार्यक्रम असला, गणपतीतलं व्याख्यान असलं, कुणाचा निरोपसमारंभ असला की माझं नाव ठरलेलं. तर ही एक गोष्ट मी कुणाला – नाही, थांबा. गोष्ट तर मी गावोगाव सांगितली आहे. तीच तर अडचण आहे. जी सांगितली ती खोटी, आणि खरी होती ती पोटात.

दमलोय मी आता. खोटं बोलून माणूस दमतो असं मला कधी वाटलं नव्हतं. उलट खोटं बोलताना अंगात येतं, हा माझा अनुभव. पण एकच खोटं वर्षानुवर्षं त्याच जागी थांबून, त्याच जागी आवाज खाली आणून सांगायचं म्हणजे – काय सांगू? तुम्ही ओळखीचे नाही, तेच बरं आहे.

सुरुवात कुठून करू? वर्गात करतो तिथूनच करतो. कादंबरीपासून.

आमच्या अभ्यासक्रमात एक जुनी अमेरिकन कादंबरी आहे. नावात आपल्याला काही करायचं नाही. गोऱ्यांचं एक छोटं गाव, काळ्या माणसांबद्दल त्या गावाच्या मनात साचलेलं विष, आणि हे सगळं सांगणारं एक लहान मूल – एवढं पुरे. मी ती शिकवायला लागलो की दुसऱ्या वर्गांतली पोरं येऊन खिडकीत बसतात. हे बढाई म्हणून सांगत नाही. बरं, बढाईच आहे. पण खरी आहे.

मी पोरांना म्हणतो, बघा, लेखकाला अन्याय दाखवायचाय. तो शहाण्या, शिकलेल्या माणसाच्या तोंडून सांगितला तर काय होईल? भाषण होईल. आणि भाषण ऐकायला तुम्ही माझ्याकडं बसलाच आहात, त्यासाठी कादंबरी कशाला हवी? म्हणून लेखक लेकराला पुढं करतो. लेकरू दिसलं ते सांगतं. अमका माणूस असा का बोलला, तमकी बाई रडत का गेली, हे त्याला उमगत नाही. आपल्याला उमगतं. त्याला न कळण्यात आणि आपल्याला कळण्यात जे अंतर आहे ना, तिथं ही कादंबरी दुखते. मग मी दुसरी खोच सांगतो. ते लेकरू खरं तर लेकरू नसतंच. आता मोठं झालेलं कुणीतरी मागं वळून बोलत असतं. त्या लेकरानं काय पाहिलं आणि काय नाही पाहिलं, हे ते मोठं माणूस ठरवतं. इथं मी थांबतो. फळ्याकडं पाठ करतो. आणि म्हणतो, हे तंत्र तुम्हाला नीट कळायचं तर आपल्याच मुलखातली एक गोष्ट ऐका. मग डस्टर उचलतो आणि मशालीसारखं डोक्यावर धरतो.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. नवरात्राच्या तोंडावर गावोगावची पोरं तुळजापूरला जातात, देवीच्या देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि पळत आपल्या गावाला आणतात. अनवाणी. आळीपाळीनं पळायचं, बाकीचे मागं टेम्पोत. ज्योत जमिनीवर टेकवायची नाही आणि तिला थांबूही द्यायचं नाही. हात बदलायचा असला तरी देणारा आणि घेणारा दोघंही जागच्या जागी पळत राहतात. जो ती वेशीतून आत आणतो, तोच देवळाच्या पायरीपर्यंत नेतो. गल्लीगल्लीत बायका त्याच्या पायांवर पाणी घालतात, त्याला ओवाळतात. सकाळपुरता तो गावाचा नवरदेवच असतो.

आता माझी गोष्ट. म्हणजे खोटी.

मी सहा वर्षांचा. टेम्पोत चुलत्याच्या मांडीवर. आमचं गाव जिल्ह्यातल्याच वाशीच्या अलीकडं, आत. पहाटे येरमाळा मागं पडलेला, पोरांचे पाय सोललेले, आणि ज्योत आता अंकुशच्या हातात. अंकुश आमच्या गावच्या वस्तीतला. गावात तिला नुसतं वस्ती म्हणतात, कुणाची ते सांगावं लागत नाही. अंकुश पळतोय. वेशीवर हलगी कडाडतेय. आणि वेशीत हात पसरून उभे आबा, आमच्या देवळाचे पुजारी. इथं मी मिशीला पीळ देतो. आबांचा आवाज काढतो – थांब! वेशीच्या आत तुझ्या हातानं न्हाय! सगळी हलगी गप्प. आणि टेम्पोच्या फळीवरून सहा वर्षांचा मी, तोंडात बोट, ज्योतीच्या विस्तवाकडं बघत विचारतो, "आबा, इस्तू बी बाटतो का वो?"

वर्ग गार होतो. दर वर्षी होतो.

मग मी हळूच सांगतो की आबांनी मान खाली घातली, पण ज्योत घेतलीच, दुसऱ्याकडं दिलीच. पोरांना वाटत असतं आबा विरघळतील. विरघळू द्यायचं नाही. गोष्ट गोड केली की मेली, एवढं तंत्र मला कळतं. पोरींचे डोळे भरतात. पोरं टाळ्या वाजवतात. आणि मी डस्टर खाली ठेवून म्हणतो, आता सांगा, बालनिवेदक म्हणजे काय?

एकदाच फक्त एक पोरगी उठली. लोहाऱ्याकडच्या खेड्यातली, मागच्या बाकावरची.

"सर, सा वर्साचं लेकरू ज्योतीच्या टेम्पोत घेत्यात का?"

"का गं?"

"न्हाय, आमच्या गावात आठवी-नववीच्या आत घेत न्हाईत. रात्रभर ट्रका असत्यात रोडला. माझा भाऊ सातवीत हुता, तर दोनदा लपून बसला अन् दोनदा हाकलला त्येला."

"सर तेलाच्या डब्यात बसून गेल्ते गं!" एक पोरगा ओरडला.

"डब्यामागं," मी म्हणालो. "त्या वयात मी एवढा बारीक होतो, की मंडळाच्या अध्यक्षाला वाटलं मशालीचा काकडाच पडलाय."

वर्ग फुटला हसून. ती नाही हसली. बसली फक्त. माझ्याकडं बघत होती – रागानं नाही, संशयानंही नाही. एखाद्याचं गणित चुकलंय आणि त्याला ते सांगावं का, असं बघतात ना, तसं.

तिचं बरोबर होतं. सहा वर्षांचं लेकरू घेत नाहीत. मी चौदा वर्षांचा होतो. नववीत. अंकुशच्याच वर्गात, त्याच्याच पुढच्या ओळीत बसणारा.

यात एवढं काय आहे, म्हणाल? वयाचंच तर खोटं. गोष्ट सांगणारे वय कमी-जास्त करतातच. मीही स्वतःला हेच सांगत आलो. पण सहाव्या वर्षी माणूस बघतो. चौदाव्या वर्षी करतो.

आता येतोच मुद्द्यावर. बघा, अजूनही आडवळणं घेतोय.

त्या वर्षी बऱ्याच पोरांचे तळवे येडशीच्या घाटातच गेले होते. अंकुश मात्र पळत होता. आपली पाळी संपली तरी दुसऱ्याची घेत होता. बोलणं कमी, पळणं जास्त, असं पोरगं. गाव जवळ आलं तेव्हा ज्योत त्याच्याच हातात होती आणि टेम्पोतल्या कुणाच्या पायात जीव नव्हता. म्हणून मग आपोआपच ठरलं, की आत तोच नेणार. कुणी हरकत घेतली नाही. हे नीट ऐका – कुणीच घेतली नाही. मंडळातला एकजण राजदूत मोटरसायकलवर पुढं गेला होता गावात सांगायला, "आली, आली! अंकुशच्या हातात हाय!"

आणि माझं काय चाललं होतं? मी आठ दिवसांपासून वेशीतून आत शिरत होतो. मनात. माझी चाल ठरलेली होती. मान कुठं वळवायची, आमच्या गल्लीत आई ताट घेऊन उभी असेल तिथं किती थांबल्यासारखं करायचं, सगळं. पाय सोलू नयेत म्हणून मी घाटात पळायचं टाळलं होतं, पोटात दुखतंय म्हणून. शेवटच्या टप्प्यासाठी स्वतःला राखून ठेवलं होतं मी. आणि आता हलगीचा आवाज यायला लागला, आणि ज्योत दुसऱ्याच्या हातात.

गावाच्या अलीकडं एक पूल आहे. तिथं मी टेम्पोतून उडी मारली. टेम्पो मागं राहिला, मी पळत अंकुशच्या बरोबरीला गेलो. आणि म्हणालो,

"आबांचा निरोप हाय. वेशीपासनं आत म्या न्यायची."

असा काही निरोप नव्हता. आबा वेशीपाशी तर नव्हतेच. ते देवळाच्या पायरीवर होते. खोकल्यानं बेजार झालेला, काडीसारखा माणूस. मिशी नव्हतीच त्यांना कधी.

अंकुश थांबला नाही. ज्योत थांबवायची नसते. तो जागच्या जागी पळत राहिला, माझ्याकडं तोंड करून. मीही पळत होतो. आम्ही दोघं असे समोरासमोर, धापा टाकत, पाय उचलत, कुठंच न जाता. मशालीचं तेल त्याच्या मनगटावरून ओघळत होतं.

"आबा म्हणले?" त्यानं विचारलं.

"व्हय."

बस. पुढं काही नाही. त्यानं का म्हणून विचारलं नाही. आणि माझी सगळी तयारी त्या 'का'साठी होती हो! मी पुलापासून पळत येताना कारणं जुळवत आलो होतो – तू दमलास, माझी पाळी राहिलीय, आईचा नवस आहे. दुसऱ्या कुठल्याही पोराला मला कारण द्यावं लागलं असतं. भांडावं लागलं असतं. त्याच्याशी नाही. अर्धं वाक्य पुरलं. ते पुरेल हे मला माहीत होतं का? मी स्वतःला हा प्रश्न फार वेळा विचारलाय आणि दर वेळी उत्तर तेच येतं. माहीत होतं. कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. त्याच्या बापाला, माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला, मी 'ए किसन' म्हणत होतो, तेही कुणी शिकवलं नव्हतं.

वेशीवर किसनतात्याच हलगी वाजवत होते. तात्या मी आता म्हणतो. राजदूतवाल्याचं त्यांनी ऐकलं होतं. धुतलेला सदरा घालून आले होते. ज्योतीबरोबर माझं तोंड दिसलं तेव्हा त्यांची काठी चुकली नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. हलगीवाला ज्योतीकडं तोंड करून उलटा चालतो आमच्याकडं, तसे ते देवळापर्यंत माझ्यासमोर उलटे चालत गेले, आणि सगळा वेळ माझ्या मागं बघत होते. मागं कुणी नव्हतं. अंकुश ओढ्याकडून वळून वस्तीत गेला होता.

मला ओवाळलं. माझ्या पायांवर पाणी पडलं. खोटं कशाला सांगू – छान वाटलं. फार छान वाटलं.

पायरीवर आबांनी ज्योत घेतली आणि विचारलं, "अंकुश कुठाय रं? त्येच्याच हातात हाय म्हणलं हुतं की."

मी म्हणालो, "दमला तो, आबा. मला म्हणला, तू ने."

"मग बसवा रं त्येला कुठंतरी. पाणी पाजा." आणि ते गर्दीत बघायला लागले, डोळ्यांवर हात धरून. बराच वेळ.

म्हणजे एक खोटं याला, एक त्याला. आबांनी अडवलं, असं अंकुशला वाटलं. अंकुशनं आपण होऊन सोडलं, असं आबांना वाटलं. दोघांनी एकमेकांना एकदा विचारलं असतं तर मी संध्याकाळच्या आत उघडा पडलो असतो. चार दिवस मला ताप होता त्या भीतीनं. मग ताप उतरला, कारण कुणी विचारणार नाही हे माझ्या ध्यानात आलं. असलं विचारायची रीत आमच्याकडं नाही. ज्याला अडवलंय तो तोंड उघडून का म्हणून विचारत नाही. आणि ज्यानं अडवलेलंच नाही, त्याला विचारण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही.

पुढच्या वर्षी वस्तीतलं एकही पोरगं ज्योतीला आलं नाही. किसनतात्या हलगी घेऊन आले नाहीत. शेजारच्या गावाहून हलगी आणली, मग पुढं बँजो आला, मग डीजे. आबा म्हणायचे, "पोरगं दमलं तर दमलं, त्यात रुसायचं काय? आमी काय बोललो व्हय कुणाला?" गावातले बाकीचे म्हणायचे, त्यांनाच नको असतंय. वस्तीत काय म्हणत असतील ते मला माहीत होतं. कारण ते मीच सांगितलं होतं.

मग मी शिकलो. नोकरी लागली. आणि ती कादंबरी हाती आली. वाचताना मी रडलो – खरंच रडलो. त्या परक्या गावातल्या त्या काळ्या माणसासाठी. किती सोपं होतं ते! तिथं मी कुणीच नव्हतो. मी नुसता वाचक होतो, शहाणा, सगळं कळणारा.

गोष्ट पहिल्यांदा मी स्टाफरूममध्ये सांगितली. तेव्हा मी त्यात दहा वर्षांचा होतो. लोकांना आवडली. पुढच्या वेळी आठ. मग सहा. सहा बसलं. त्याच्या खाली गेलं की बोबडं बोलावं लागतं आणि ते स्वस्त वाटतं. ते 'इस्तू बी बाटतो का' हे वाक्य मला भर दुपारी नळदुर्गच्या एका ढाब्यावर शेव-भाजी खाताना सुचलं. इतकं आवडलं मला, की मी एकटाच हसलो. आणि आबा? आधी गोष्टीत नुसता 'एक म्हातारा' होता. आबा जिवंत होते तोवर त्यांचं नाव घ्यायची माझी छाती नव्हती. ते गेल्याचं कळलं, मी मातीला जाऊन आलो, आणि त्याच वर्षीपासून वर्गात आबांचं नाव घ्यायला लागलो. नाव आलं की गोष्ट खरी वाटते. मिशीही तेव्हाच लावली.

तर असं हे तंत्र. लेकराच्या तोंडून मोठा माणूस बोलतो आणि लेकरानं काय पाहिलं ते तोच ठरवतो, असं मी फळ्यासमोर उभं राहून सांगत होतो. समोर साठ पोरं मान हलवत होती. कुणाला कळणार?

यंदा श्रावणात वाशीला एका वाचनालयानं बोलावलं. विषय माझाच – परदेशी कादंबरीतलं बालपण. बोललो. डस्टर नव्हतं, माईकचाच दांडा केला. गोष्ट निम्मी झाली, अंकुश पळायला लागला, आणि मला तिसऱ्या ओळीत अंकुश दिसला. पिकलेला, जाडसर, चष्मा लावलेला. पण पाय पुढं टाकून बसायची पद्धत तीच.

थांबता आलं असतं. घसा धरल्याचं करता आलं असतं, मला काय अवघड होतं? मी थांबलो नाही. खरं सांगू का, त्या दिवशी ती गोष्ट आजवर झाली नव्हती इतकी चांगली झाली. आबांचा आवाज असा लागला की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. त्याच्या समोर. त्याच्या तोंडाकडं बघत.

चहाच्या वेळी तो आला.

"काय पक्या!" आणि जीभ चावली. "म्हंजे, सर."

"अंकुश! तू हितं?"

"हितंच असतो आता. लातूर सोडलं. ष्टँडच्या मागं गॅरेज टाकलंय." मग हसला. "लई बारका झालास की रं गोष्टीत. माझ्याच वर्गात व्हतास का न्हाय?"

"गोष्टीत करावं लागतंय थोडं."

"कर की. लोकांपातूर गेलं, बास." त्यानं माझा दंड धरला. आवाज खाली आणला. "तुला एक सांगू? म्या तुझ्यावर लई वर्सं राग धरला हुता. मग कळाया लागलं तसं वाटलं, ह्यो तरी काय करील? निरोप्या हुता बिचारा. आबांचं कोण मोडणार? आबा गेले तवा म्या मातीला सुदीक न्हाय गेलो. आमचं तात्या म्हणायचं, त्या देवळाचं तोंड बघू नगं. न्हाय बघितलं."

माझ्या हातात कपबशी होती. आसपास कुणी नव्हतं. लोक समोशांपाशी होते. यापेक्षा सोपी वेळ माणसाला मिळत नाही. त्यानं मला माफ केलं होतं – मी न केलेल्या गोष्टीसाठी. मी केलेल्या गोष्टीचं त्याला ठाऊकच नव्हतं. मी काय म्हणालो?

"व्हय रं," म्हणालो.

"मंग तूच सांग," तो म्हणाला. "माझी थोरली पोलीस भरतीची तयारी करती. वाऱ्यावानी पळती. औंदा मंडळाच्या पोरांनी बोलवलंय तिला. आता पोरीबी असत्यात ज्योतीला. येशीतनं आत हिनंच आणायची म्हणत्यात. ती तर उड्या मारती. म्याच थांबीवलंय. गावात जाऊन पुन्ना त्येच व्हायचं असलं तर नगं ना. तिथं आपुन दोघंच व्हतो त्या दिवशी. तू सांग. पाठवू का?"

एक वाक्य पुरलं असतं. पण नुसतं पाठव, एवढं म्हणून भागलं नसतं, हे मला लगेच दिसलं. त्यानं विचारलं असतं, एवढ्या खात्रीनं कसं सांगतोस? आणि मग मला पुलापासून सगळं सांगावं लागलं असतं. समोशांपाशी आयोजक उभे होते, शाल-नारळ घेऊन.

मी एक उसासा सोडला. चांगला, लांब, अनुभवी माणसाचा. आणि म्हणालो, "बघ बाबा. गाव काय एवढ्यात बदलतंय व्हय?"

त्यानं मान हलवली. आतल्या माणसानं आतलं सांगितलं, अशी.

नवरात्र आलं. गावातल्या एकानं ज्योतीचा व्हिडिओ मोबाइलवर पाठवला. भगवे टी-शर्ट, टेम्पो, डीजे. तीन-चार पोरी दिसल्या. मी दोन-तीनदा पाहिला. पण मी काय शोधत होतो? तिचं तोंड मला माहीत नाही. नाव मी विचारलं नव्हतं.

दसऱ्याला अंकुशचा फोन आला.

"बरं झालं तुला इचारलं," तो म्हणाला. "दोन दिस जेवली न्हाय माझ्यावर रुसून. पर बरं झालं. आपल्यावानी तिच्या वाट्याला नगं यायला."

आपल्यावानी, असं म्हणाला तो.

मी त्याला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या. लेकीची भरती कधी आहे विचारलं. त्यानं तारीख सांगितली. मी म्हणालो, होईल, नक्की होईल.

हे मी इथं लिहिलं आहे. त्याला सांगितलेलं नाही.